जुनी बॉडी

सुरमईचे तुकडे करत होते, तेव्हा शेजारी बसणाऱ्या आनंदीबाईने माझ्या फोनकडे बघून एवढंच म्हटलं, "राधाबाय, तुझो फोन पिवळो पडलो गो." तिला त्यातून काही सुचवायचं नव्हतं. बाजार उतरत आला होता, गिऱ्हाईक नव्हतं, बोलायला काहीतरी हवं म्हणून ती बोलली आणि लगेच आपल्या टोपलीतल्या बांगड्यांवर पाणी मारू लागली. माझा कोयता मात्र हाडात अडकून राहिला. फोन बर्फाच्या खोक्याच्या झाकणावर पडला होता. रोज तिथेच असतो. दिवसातून किती वेळा मी तो उचलते, ठेवते, पदराला पुसते, पण बघत नाही. आज बघितला. कानाला टेकतो त्या बाजूला जुन्या दातासारखा पिवळेपणा चढला होता. उजव्या कडेला, अंगठा बसतो तिथे, तपकिरी डाग होता. कोपऱ्यांची चकाकी जाऊन पांढऱ्याखालचं मळकट प्लास्टिक दिसत होतं. पाच नंबरच्या बटणावरचा पाच अर्धा उडाला होता. वर्षापूर्वी हाच फोन इतका पांढरा होता की हातात घेताना मला हात धुवावेसे वाटत. पांढरा होता तोवर कधीतरी कोणीतरी विचारील, अशी धास्ती मला होती. आणि खरं सांगायचं तर, कोणीतरी विचारावं असंही वाटत होतं. आता कोणी विचारणार नाही. आता तो सगळ्यांच्या फोनसारखा झाला. माझं खोटं पुरं झालं, असं मला त्या सुरमईसमोर बसल्या बसल्या वाटलं, आणि हातातला तुकडा घसरून पाण्यात पडला.

फोन ह्यांचा. हे म्हणजे माझे यजमान. नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. दोडामार्गाकडचा माझा भाचा निकेत रोज गोव्यात कामाला जातो. दोन हजार सहाच्या चतुर्थीला त्याने तिकडून हा फोन आणून दिला. कोणीतरी वापरलेला, पण नीट ठेवलेला, ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा. धक्क्यावर तेव्हा सगळ्यांचे फोन काळे नाहीतर निळे. ह्यांचा जोडीदार विठोबा, दोघे एकाच होडीवर जायचे, तो पांढरा रंग बघून सगळ्यांदेखत म्हणाला, "तू डागदर कधी झालंस रे?" हे म्हणाले, "तुझी नाडी बघूक घेतलंय." मग चार दिवस धक्क्यावर ह्यांना सगळे डागदर म्हणत होते आणि विठोबा मनगट पुढे करत होता. हे फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालायचे, तोंडाशी सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर लावायचे आणि दोरी बांधून गळ्यात अडकवायचे. परतताना समुद्रातल्या किल्ल्याच्या मागे रेंज मिळाली की माझ्या काळ्या फोनवर रिंग देत. एक रिंग म्हणजे काही नाही, सावकाश ये. दोन म्हणजे बांगडा आहे, टोपल्या घेऊन धक्क्यावर ये. तीन म्हणजे आनंदीबाईलाही आण. मी फोन उचलायचा नाही, फक्त मोजायच्या. अडीच-तीन वर्षं मी त्या रिंगा मोजल्या. तीन क्वचितच वाजल्या.

पिवळेपणा आधी अंगठ्याखाली आला. ह्यांचा अंगठा रुंद, जाळं ओढून ओढून नखाशी फुटलेला, आणि विडीने तपकिरी झालेला. त्याच्या आकाराएवढाच डाग पडला, जणू कोणी शिक्का मारला. मग कानाकडची बाजू गेली, मग पाठ. पिशवीतली खारी दमट हवा, डिझेल, घाम, सगळं त्या पांढऱ्यात मुरत गेलं. माझी मुलगी वर्षाली चतुर्थीच्या साफसफाईत दंतमंजन लावून तो घासायची. चार दिवस उजळायचा, पुन्हा तसाच. मागच्या झाकणावर बारीक रेघा होत्या, उघडताना बोट अडकावं म्हणून, त्यासुद्धा झिजून सपाट झाल्या. बटणांवरचे आकडे उडाले तेव्हा मला वाईट वाटायचं. मी आकडे आणि अक्षरं चाळिशीत शिकले, गावात साक्षरता वर्ग आला तेव्हा, मासळी विकून आल्यावर दुपारी शाळेच्या पडवीत बसून. एवढ्या कष्टाने शिकलेलं असं बोटाने पुसून जातं, हे मला बघवत नसे. हे हसायचे. त्यांना आकडे कधी लागलेच नाहीत. त्यांचं बोट अंधारातसुद्धा बरोबर जागी जायचं.

मला तो पिवळेपणा कधी घाण वाटला नव्हता. आरोंद्याच्या माणसांनी तो मला घाण म्हणून दाखवला. वर्षालीचं लग्न तिथल्या प्रितेशशी जमत होतं. मुलगा चांगला, खाडीवर त्याची स्वतःची होडी. पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्याचे मामा, भाई म्हणतात त्यांना, चहा पिता पिता उठले आणि फळीवरचा फोन त्यांनी दोन बोटांनी उचलला. उलटसुलट केला. म्हणाले, चांगल्या जातीचा फोन आहे, पण दशा काय केलीय. मग फोन ठेवून रुमालाला बोटं पुसली. बस, एवढंच. ह्यांच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या मात्र तो रुमाल डोळ्यांपुढून हलेना. मासळी विकणाऱ्या बाईला लोक हात आखडून पैसे देतात, त्याचं मला काही वाटत नाही, तीस वर्षांत सवय झाली. पण हे माझ्या घरात झालं होतं, ह्यांच्या हाताच्या वस्तूवर झालं होतं, आणि त्या घरात माझी मुलगी जायची होती. दिवाळी झाल्यावर ते लोक सुपारी फोडायला येणार होते, गुरुवारी. मी ठरवलं, गुरुवारी फळीवर पांढरा फोन असेल.

बाजारपेठेत गुरुदासचं फोन दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला मी आधीच विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "बॉडी बदलूक येता. आतला मशीन ताच रवतला." सकाळी द्यायचा, संध्याकाळी न्यायचा. ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी दिला नसता. फोन बोलायला असतो, दाखवायला नसतो, असं म्हणाले असते. म्हणून बुधवारी पहाटे, हे उठायच्या आधी, मी खिळ्यावरच्या पिशवीतून फोन काढला आणि फडक्यात गुंडाळून माझ्या टोपलीत तळाशी ठेवला. त्या दिवशी विठोबा तापाने घरी होता, हे एकटेच निघाले होते. पिशवी आणि दोरी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "फोन खंय आसा?" मी चुलीपाशी होते. मान वर न करता म्हटलं, "चार्जिंगक लायलो आसा. वर्षालीन राती गाणी आयकान बॅटरी संपयल्यान." वर्षाली कधीकधी रात्री कानात वायर घालून त्या फोनवर रेडिओ ऐकायची, हे खरं होतं. आदल्या रात्री तिने ऐकला नव्हता. खोटं बोलायला मला जे जवळ सापडलं ते मी उचललं, जशी दाराशी पडलेली कुठलीही काठी आपण कुत्र्यावर उगारतो. दिवसभराचाच प्रश्न होता. संध्याकाळी पांढरा फोन हातात ठेवून मी स्वतःच सांगणार होते, आणि हे हसणार होते. ह्यांनी रिकामी पिशवी खिळ्याला लावली, एक वाक्य बोलले आणि गेले. ते वाक्य मी वर्षभर कोणाला सांगितलं नाही.

गुरुदासने माझ्यासमोरच फोन उघडला. बारीक पेचकसाने स्क्रू काढले, नखाने कड उचकली, आणि ह्यांचा पिवळा फोन दोन वाट्यांसारखा वेगळा झाला. आत मीठ साचलं होतं. त्याने ब्रशने झाडलं. कागदाची चिठ्ठी पुढे करून म्हणाला, नाव सांग. फोन ह्यांचा, तेव्हा नावही ह्यांचंच. तो समजला, हसला, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी ते नाव तोपर्यंत कधी उच्चारलं नव्हतं, लिहिलंही नव्हतं. वर्गात बाई म्हणायच्या, घरच्यांची नावं लिहा, तेव्हा मी वर्षालीचं लिहायचे, माझं लिहायचे, आणि ती एक ओळ मोकळी सोडायचे. गुरुदासच्या काचेच्या टेबलावर वाकून मी लिहिलं, परशुराम. श ला पहिला उकार की दुसरा हे क्षणभर आठवेना. खाली तारीख घातली. मला बरं वाटलं, लाज वाटली, आणि मी बाजारात जाऊन बसले.

दुपारी आभाळ खालून काळं झालं. वर नाही, खालून, पाण्याकडून. वारा आधी आला नाही, आधी बाजारातल्या माशा नाहीशा झाल्या. मग माझा काळा फोन वाजला, विठोबाच्या बायकोचा. वादळ येतंय, रेडिओवर सांगितलंय, परशुरामला फोन करून मागे बोलाव, आमच्या ह्यांनी लावून लावून बोट दुखवलं, बंद लागतो. मी तिला हो म्हटलं. फोन ठेवला आणि सवयीने ह्यांचा नंबर लावला. एक बाई शांतपणे सांगत होती की तुम्ही फोन केलेल्या ग्राहकाचा मोबाईल बंद आहे. मला सगळं ठाऊक होतं, तरी ती सांगेपर्यंत मी ऐकत उभी राहिले. मग गुरुदासच्या दुकानाकडे पळाले. त्याने नुकताच फोन जोडून चालू केला होता. मी पायरीवर उभी राहून पुन्हा नंबर लावला, का लावला ते मला अजून कळलेलं नाही, आणि काचेच्या टेबलावर तो पांढराशुभ्र फोन वाजायला लागला. थरथरत तो हळूहळू सरकत होता. गुरुदास कौतुकाने म्हणाला, "बघ, कसो दिसता." मी रिंगा मोजत होते. तीनच्या पुढे गेल्या.

ह्यांच्याच दिशेला गेलेल्या तीन होड्या त्या दुपारी फोन आल्यामुळे मागे फिरल्या. ह्यांना रेंज मिळाली असती की नसती, हे मी पुष्कळांना वेगवेगळ्या वळणांनी विचारून बघितलं. कोणी म्हणतं असती, कोणी म्हणतं नसती. हे तिसऱ्या दिवशी देवबागच्या बाजूला सापडले. फोनच्या पांढरेपणाकडे तेव्हा कोणाचंच लक्ष गेलं नाही. गुरुदासने जुनी बॉडी टाकून न देता कागदी पाकिटात घालून दिली होती, चिठ्ठीसकट. मी ती पत्र्याच्या डब्यात, साक्षरता वर्गाच्या पुस्तकाखाली ठेवली.

अकराव्या दिवशी लोक जेवून गेल्यावर वर्षाली माझ्याजवळ येऊन बसली. तिने सांगितलं की त्या पहाटे ती जागी होती, पुरती नव्हे, पण मी बोलले ते तिला ऐकू आलं होतं. आदल्या रात्री आपण गाणी ऐकली की त्याच्या आदल्या, हे तिला धड आठवत नव्हतं. पण आईने सांगितलं म्हणजे त्याच रात्री ऐकली असणार. आपण बॅटरी संपवली नसती तर बाबाच्या गळ्यात फोन असता. ती रडत नव्हती. मी पोरीला विचारायला हवं होतं, तुला आठवत नाही तर तू का धरून बसतेस. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. तेवढ्या हात फिरवण्यात बोलायची वेळ निघून गेली. आणि एकदा गेलेली वेळ दुसऱ्या दिवशी आणखी लांब गेली, ओहोटीच्या पाण्यासारखी, जिथे काल गुडघाभर होतं तिथे आज नुसती रेती. महिन्याने तिने पांढरा फोन नीट बघितला. मी म्हटलं, त्यांचे डाग बघवत नव्हते, म्हणून आता बदलून घेतला. हे दुसरं खोटं. त्यावर मात्र ती रडली. "बाबाचो हात पुसून टाकलंस," म्हणाली. डबा आमच्या दोघींच्या डोक्यावर, फळीवर होता.

तेव्हापासून ती गाणी ऐकत नाही. शेजारी रेडिओ लागला की विहिरीवर जाते. माझा काळा फोन पावसाळ्यात मेला, म्हणून मी ह्यांचा वापरू लागले, पण ती त्याला हात लावत नाही. वाजला तर मला हाक मारते. प्रितेश थांबला. वर्ष सरू दे, म्हणाला. वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं आणि आरोंद्याहून निरोप आला की भाई आज संध्याकाळी पाच वाजता येतील, हो की नाही ते एकदा सांगा. वर्षालीने काल रात्री भात वाढता वाढता सांगितलं की तिचं नाही आहे. बाबाला मी घालवलं, आता आईला टाकून कुठे जाऊ. मी घास गिळला. आणि इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट कळली, ती लिहायला हात मागे सरतो, पण लिहिते. मला बरं वाटलं. ती जाणार नाही, दिव्याला, चुलीला, माझ्या म्हातारपणाला कोणीतरी असेल. माझं खोटं तिला दाव्यासारखं माझ्या दाराशी बांधून ठेवत होतं, आणि मला त्याचा आधार वाटत होता. रात्री निजले तेव्हा मी स्वतःला समजावलं की ती तिची मर्जी आहे.

मग आज आनंदीबाई बोलली. मला वाटत असे की पहिल्या फोनचा पिवळेपणा म्हणजे हे. त्यांचा अंगठा, त्यांची विडी, त्यांची खारी हवा. पण हा दुसराही पिवळा झाला, त्यांच्याशिवाय, एका वर्षात, माझ्या हाताने. माझ्या अंगठ्याचाही डाग पडतो. मी जे काय धरते त्यावर ते उमटतं. मी उरलेली सुरमई आनंदीबाईच्या टोपलीत सारली. तिने विचारलं, बरं नाही काय. मी म्हटलं, पाहुणे येणार आहेत. ती म्हणाली, "मगे कोलंबी तरी घेवन जा, रिकाम्या हातान खंय जातंस?" आणि माझ्या पदरात बांधूनसुद्धा दिली. ती कोलंबी घेऊन मी घरापर्यंत चालत आले. रिक्षा केली असती तर विचार करायला वेळ मिळाला नसता, आणि चालताना मला एकही विचार सुचला नाही.

वर्षाली पडवीत बसून खाडीतल्या शिंपल्या, आम्ही मुळे म्हणतो त्या, फोडत होती. मी पाय धुतले, आत गेले, फळीवरचा डबा काढला. डब्याला गंज धरला होता, झाकण निघेना, तेव्हा तिनेच आत येऊन ते काढून दिलं. मी पाकीट तिच्या हातात ठेवलं.  बोलायला गेले असते तर पुन्हा काहीतरी जवळचं उचललं असतं. तिने पाकीट उलटं केलं आणि पिवळ्या दोन वाट्या तिच्या ओल्या तळव्यावर पडल्या. विडीचा वास अजून होता, की मला भास झाला. ती बराच वेळ डागाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंदासारखं काहीतरी आलं, वस्तू टाकली नव्हती म्हणून. मग तिने चिठ्ठी उलगडली. माझं वाकडं अक्षर तिला ठाऊक आहे, तिच्या लहानपणी आम्ही दोघी एकाच पाटीवर गिरवत असू. तिने नाव वाचलं. माझ्या हातचं ते नाव तिने कधी बघितलं नव्हतं. मग तारीख वाचली. पुन्हा नाव वाचलं, पुन्हा तारीख. तिचे ओठ हलत होते, जसे पहिल्यांदा वाचणाऱ्याचे हलतात.

"म्हणजे फोन तुझ्याकडे होतो."

"होय."

"आणि मी आयकलंय ता?"

"ता खोटा. तू त्या राती फोनाक हात लावक नाय. भाईंनी रुमालाक बोटा पुसल्यानी, म्हणान मी बॉडी बदलूक नेलंय."

मला वाटलं ती ओरडेल, वाट्या भिंतीवर मारील. तसं झालं असतं तर मला सोपं होतं. ती हळूच खाली बसली, अगदी जमिनीवर, फळीखालीच. माझ्याकडे बघितलं नाही. पुढे कधी बघेल ते मला ठाऊक नाही. तिने दोन्ही वाट्या एकावर एक बसवल्या. आतून रिकामा, तरी वरून पुरता फोन झाला. त्या तपकिरी डागावर तिने आपला अंगठा टेकवला. डाग सगळीकडून बाहेर उरला.

"मी तुझा बोलना आयकलंय," ती म्हणाली. "मगे झोप लागली. बाबा काय बोललो त्याच्यार?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ते वाक्य माझ्या खोट्यावरचं उत्तर होतं. ते सांगायचं तर खोटंही सांगावं लागलं असतं. ह्यांचे शेवटचे शब्द तिच्यासाठी होते, आणि मी ते वर्षभर डब्यातल्या पाकिटासारखे झाकून ठेवले होते. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. भाईंचा खोकला ओळखू आला. कोणीतरी अंगणाच्या फाटकाचं, बेड्याचं, लाकूड सरकवलं. मी तिच्यासमोर खाली बसले, गुडघे वाजले.

"रिकामी पिशवी खिळ्याक लायल्यानी," मी म्हटलं, "आणि हसले. म्हणाले, आयकांदे गो तिका. लगीन झाला काय मगे ह्या घरात गाणी खंय वाजतली?"

पडवीत भाईंनी हाक मारली, कोणी आहे का घरात. मी उठू लागले. वर्षालीने न बघताच माझं मनगट धरलं.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.